पातं थांबेपर्यंत

गल्लीत सगळे त्यांना कंडक्टरच म्हणायचे. बसमधली नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली, चामड्याची पिशवी माळ्यावर जाऊन पडली, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. आणि खरं सांगायचं तर नोकरी सुटली तरी माणसाची कंडक्टरकी काही सुटली नव्हती. जेवायला बसताना "चला, पुढे सरका", पाहुणे उठायला लागले की "कोण कोण उतरणार?", आणि कुठलंही काम सुरू करायचं असलं की आधी तोंडाने टिंग टिंग. डबल बेल झाल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कशाला हात घातला नसेल.

मग डोळे गेले. काचबिंदू. हा आजार भुरट्या चोरासारखा असतो, आधी कडेकडेचं नेतो, मधलं मागे ठेवतो, म्हणजे घरमालकाला पत्ताच लागत नाही. कंडक्टरांना पत्ता लागला तेव्हा औषधांनी फक्त चोराचा वेग कमी केला. गेल्या थंडीत खिडकीतून येणारा उजेडही संपला. दिवस आहे की रात्र, हे आता त्यांना गल्लीतल्या आवाजावरून कळायचं.

आणि हा माणूस घरामागच्या खोलीत विजेच्या करवतीवर लाकूड कापत होता. हो, बरोबर वाचलंत. लोखंडी टेबल, टेबलाच्या फटीतून वर डोकावणारं गोल दातेरी पातं, खाली मोटर. लाकडाची फळी पुढे ढकलायची, पातं ती चिरत जाणार. बोट ढकललं तर बोट चिरणार, त्याला काय फरक पडतो!

गल्लीला आयताच विषय मिळाला. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आंधळं दळतं हे ऐकलं होतं, इथे तर आंधळं कापतंय!" उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना तर ऊतच आला. कोणी म्हणालं मशीन विका, कोणी म्हणालं त्या खोलीला कुलूप लावा. ज्यांनी उभ्या जन्मात भिंतीत सरळ खिळा ठोकला नाही, तेही करवतीवर बोलायला लागले.

पण घरात एक माणूस असं होतं की त्याच्या भीतीला हसून चाललं नसतं. ती म्हणजे कंडक्टरांची सून. हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम तिचं. करवतीने काय होतं हे तिला कोणी सांगायला नको होतं. टॉवेलात गुंडाळलेले हात तिच्याकडे यायचे. टॉवेल सोडायचा, तो हात पाटीवर सपाट ठेवायचा, "हलू नका" म्हणायचं आणि बाहेर जाऊन बटण दाबायचं. मग पडद्यावर दिसायचं, कुठलं पेर आहे आणि कुठलं नाही. त्या माणसांचं बोलणंही ठरलेलं. "रोज करतो हो हे काम. आजवर कधी काही झालं नव्हतं. एक क्षण लक्ष गेलं." आणि ही सगळी डोळस माणसं बरं का.

डोळे गेल्यापासून सासऱ्यांची करवत चादरीखाली झोपलीय, अशी तिची समजूत होती. एके दिवशी दवाखान्यातून लवकर सुटून ती घरी आली, तर मागच्या खोलीतून तो आवाज. आधी मोटरीची घरघर, मग लाकडात शिरणाऱ्या पात्याचा कर्कश सूर. धावत जाऊन दार उघडावं, तर ते दचकतील. हाक मारावी, तरी दचकतील. ती बोळात भिंतीला धरून उभी राहिली आणि आवाज बंद होण्याची वाट बघत राहिली. त्या बोळात ती जितकी घाबरली तितकी बाळंतपणातही घाबरली नव्हती, असं तिनेच नंतर सांगितलं.

आवाज थांबला. जरा वेळाने दार उघडून कंडक्टर बाहेर आले. भुवयांवर भुसा, कानावर पेन्सिल. तिला वाटलं, ज्याला रेघ दिसत नाही त्याच्या कानावर पेन्सिल कशाला? पण सवय, दुसरं काय.

"कोण? सूनबाई? आज लवकर?" चेहरा असा की तपासनीस चढल्यावर विनातिकीट माणसाचा होतो तसा.

"बाबा, काय चाललंय हे?"

"स्टूल करतोय. दोन पायऱ्यांचं. तूच म्हणालीस ना परवा जेवताना, म्हाताऱ्या माणसांना तुमच्या त्या एक्स-रेच्या टेबलावर चढता येत नाही म्हणून?"

"मग काय तुमच्या बोटांवर पाय देऊन चढायचं माझ्या पेशंटनी?" ती इतक्या जोरात ओरडली की वरच्या काकूंची खिडकी उघडली. मग तिला रडू आलं. राग आला की तिला आधी रडूच यायचं, आणि त्याचा तिला आणखी राग यायचा.

तिचा नवरा, म्हणजे कंडक्टरांचा एकुलता एक मुलगा, लांबच्या बंदरावर क्रेन चालवायचा. संध्याकाळी तिने त्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी इथून काय सांगू? असले हात तू रोज बघतेस. तू नको म्हणालीस तर नको. मी बाबांशी बोलतो."

कंडक्टर शेजारीच बसले होते. कान मात्र शाबूत होते त्यांचे, फोनमधलंही ऐकू गेलं. ते म्हणाले, "त्याला मधे घालू नकोस. सूनबाई, तू आधी बघ. न बघता नाही म्हणू नकोस, एवढंच मागणं आहे. बघून नाही म्हणालीस, तर भंगारवाल्याला मी स्वतः हाक मारीन. तू म्हणशील ते. शब्द देतो."

"आणि मी नाही म्हणाले तर तुम्हाला काय वाटेल?" तिने विचारलं.

"डोळे गेले तेव्हा पेपर गेला, पत्ते गेले, एकट्याने चौकापर्यंत जाणं गेलं. सगळीकडे कोणीतरी दंडाला धरतं. चांगल्या मनाने धरतात, नाही म्हणत नाही मी. पण ती खोली सोडली तर मी कुठेच माझा मी नाही. ती गेली की मग खुर्ची उरली. बसून राहायचं."

आता अशा वेळी माणसाने काय करावं? नाही म्हणावं तर म्हाताऱ्याच्या जिवावर घाव, हो म्हणावं तर बोटांवर. तिचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर ती उठली आणि म्हणाली, "चला. दाखवा."

मनात तिचं 'नाही'च ठरलं होतं. फक्त ते बघून म्हणायचं होतं.

खोलीत पाऊल टाकताच पहिला धक्का बसला. तिला वाटलं होतं पसारा असेल. जमीन इतकी स्वच्छ झाडलेली होती की तिथे पान वाढून जेवावं. पायाखाली एक तुकडा नाही, एक वायर आडवी नाही. भिंतीवर प्रत्येक हत्यार आपापल्या खुंटीला, आणि खुंटीखाली त्याच हत्याराचा आकार लाकडात कोरलेला, म्हणजे बोट फिरवलं की कळावं इथे कोणाची जागा आहे. दाराशी एक जुनं पायपुसणं होतं.

"तू तिथे उभी राहायचं, पायपुसण्यावर," कंडक्टर म्हणाले. "मी 'थांबलं' म्हणेपर्यंत तिथून पाय हलवायचा नाही. बोलायचं नाही. हाक मारायची नाही. घराला आग लागली तरी हाक मारायची नाही."

"आग लागली तरी?"

"तर मेन स्विच पाड. करवत थांबेल, मग मला सांग. घाईत सांगितलं तर दोन नुकसानं."

मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. आकडे फुगीर असलेलं, चाचपून वेळ कळणारं ते घड्याळ त्यांचं फार लाडकं होतं, तरी काढून खुंटीला लावलं. बायकोच्या आठवणीची अंगठी काढून डबीत ठेवली. सदरा अर्ध्या बाहीचा, खालचा भाग विजारीत खोचलेला. तिने विचारलं, "हातमोजे?" दवाखान्यातल्या माणसाला पहिली आठवण त्याचीच.

"हातमोजे कधीच नाहीत. कापड दातात अडकलं की पातं मोज्याला ओढतं आणि मोजा हाताला. उघडा हात एकवेळ सुटेल. मोज्यातला हात सुटत नाही."

हे तिला माहीत नव्हतं. पण टॉवेलात गुंडाळून आलेला एक हात तिला आठवला, अर्धा मोजा अजून बोटांत रुतलेला.

मग त्यांनी डोळ्यांना जाड चष्मा लावला आणि एवढ्या टेन्शनमध्येही तिला हसू फुटलं. "बाबा, दिसत नाही तर चष्मा कशाला?"

"दिसत नाही म्हणून भुसा खुपत नाही वाटतं?" ते म्हणाले. "बंद दुकानालाही शटर लागतंच."

टेबलाची वायर कुठे जाते हे ती बघत होती. ती कुठेच जात नव्हती. प्लग कंडक्टरांच्या सदऱ्याच्या खिशात होता. खिशातून वायर बाहेर लोंबत होती, एखाद्या डॉक्टरच्या गळ्यातल्या नळीसारखी.

"प्लग खिशात, मगच बोट दातात," ते म्हणाले, आणि त्यांनी खरंच पात्याला हात लावला. एकेका दातावरून अंगठा हळू फिरवला. एक दात बोथट झाला असता तर त्यांना कळलं असतं. मग फळी पात्याशेजारी आडवी ठेवून पात्याची उंची चाचपली. दात लाकडाच्या जरासेच वर आले पाहिजेत, जास्त नाहीत. "गरजेपेक्षा जास्त पातं वर काढलं की ते गरजेपेक्षा जास्त कापायला बघतं." पात्याच्या मागे एक पातळ पोलादी पट्टी उभी होती. चिरलेलं लाकूड मागून मिटून पात्याला आवळायला लागलं तर फळी गोळीसारखी उलटी उडते, ती पट्टी ते मिटू देत नाही. पात्यावर पारदर्शक झाकण. माप घ्यायला रेघ नव्हती की फूटपट्टी नव्हती. खाचा पाडलेले लाकडी ठोकळे होते, एक खाच, दोन खाचा, तीन खाचा. हवा तो ठोकळा पातं आणि फळीला आधार देणारी कडेची सरकती पट्टी यांच्यात बसवायचा, पट्टी आवळायची, ठोकळा काढून जागेवर. तिने नंतर फूटपट्टीने तपासलं. केसाचाही फरक नव्हता.

"आता हा माझा हात," त्यांनी टेबलावर तळवा ठेवला. पात्यापासून चांगल्या अंतरावर टेबलावर सँडपेपरची एक पट्टी चिकटवलेली होती. "ही लक्ष्मणरेषा. तळव्याला खरखर लागली की हात तिथेच थांबतो. पुढचं काम काठ्या करतात." लाकूड ढकलायच्या दोन काठ्या होत्या, टोकाला खाच असलेल्या, उजवीकडे टांगलेल्या. "काठी कापली गेली तर दुसरी करता येते."

ते पात्याच्या सरळ रेषेत उभे राहिले नाहीत, बाजूला राहिले. "मागच्या दारात उभे राहू नका म्हणून जन्मभर लोकांवर ओरडलो. आता स्वतः ऐकतो." आणि गुडघ्याजवळ एक लाकडी फळकूट होतं, बंद करायच्या बटणावर टेकलेलं. दोन्ही हात कामात असले तरी गुडघा लावला की मोटर बंद.

तिला वाटलं आता सुरू करतील. नाही. प्लग खिशातच ठेवून त्यांनी पूर्ण काम एकदा कोरडंच करून पाहिलं. फळी कडेच्या पट्टीला टेकवली, पुढे सरकवली, तळव्याला खरखर लागली, हात मागे, काठ्या हातात, फळी पात्यापलीकडे, गुडघा बटणाला. पुन्हा एकदा. जशी नाटकवाली माणसं रिकाम्या थिएटरात तालीम करतात, तसं. ती बघत राहिली. तिच्या दवाखान्यात मोठमोठे सर्जन होते, पण कामाआधी इतकी शिस्त तिने क्वचित पाहिली होती.

मग प्लग भिंतीत गेला. कानांवर जाड टोप्या चढल्या. तोंडाने टिंग टिंग.

मोटर घुमली आणि तिच्या मुठी आपोआप वळल्या. फळी पुढे सरकली, पातं लाकडात शिरलं, पिवळा भुसा उडाला. कंडक्टरांचा चेहरा वर, छताकडे, जणू करवतीशी त्यांचा काही संबंधच नाही. पण हात! ते हात घाई करत नव्हते आणि घाबरतही नव्हते. मध्येच पात्याचा सूर जरासा जाड झाला आणि त्याच क्षणी हात मंदावले. लाकडात गाठ आली होती. तिला ती गाठ फळीवर डोळ्यांनी दिसत होती, पण पात्याने ती गाठली हे त्यांना तिच्याआधी कळलं. गाठ ओलांडली, सूर पुन्हा बारीक झाला, हात पुन्हा पुढे. खरखर, हात मागे, काठ्या. फळीचे दोन भाग सरळ पलीकडे गेले. गुडघा. मोटर बंद. त्यांनी एका कानावरची टोपी सरकवून कान पात्याकडे केला आणि ते ऐकत राहिले. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "थांबलं."

तोंडात बोटं घालणं म्हणतात ते काय असतं, हे तिला त्या पायपुसण्यावर कळलं. इतकी वर्षं तिने हातांच्या आतली हाडं पाहिली होती, पण हात कसा असतो हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं. मनातला नकार कधी निघून गेला हे तिला कळलंही नाही.

"पुढची पायरी," कंडक्टर म्हणाले. आवाजात तरतरी आली होती. सुनेचा श्वास बदललेला त्यांना ऐकू आला असणार.

आता आखूड तुकडे आडवे कापायचे होते. पुन्हा प्लग खिशात, पुन्हा ठोकळे, पुन्हा कोरडी तालीम, पुन्हा टिंग टिंग. कापलं. मोठा भाग त्यांच्या एका हातात राहिला, दुसऱ्या हातात काठी होती, आणि छोटा तुकडा सुटून पात्याशेजारी, झाकणाच्या कडेखाली अर्धवट अडकून थरथरत राहिला. गुडघा लागला. मोटरीची घरघर बंद झाली.

बंद झाली, म्हणजे थांबलं असं तिला वाटलं. आणि इथेच घात झाला. मोटर बंद झाली तरी पातं लगेच थांबत नाही, आपल्याच वेगात फिरत राहतं, आणि उजेडात वेगाने फिरणारं पातं स्थिर ताटलीसारखं गुळगुळीत दिसतं. आंधळ्या माणसाला दिसत नाही, म्हणून तो ऐकत राहतो. डोळस माणसाला दिसतं, म्हणून तो विश्वास ठेवतो. तिला दिसलं की तुकडा अडकलाय. तिला वाटलं, बाबांना तो दिसत नाहीये, उगीच चाचपायला जातील. बिचारी मदतीलाच धावली. पायपुसण्यावरून उतरली, टेबलाशी आली आणि "थांबा बाबा, मी काढते" म्हणत दोन बोटं झाकणाखाली घातली.

एका कानाची टोपी बाजूला होती म्हणून ते ऐकू आलं. समजावायला वेळ नव्हता. पातं कुठे आहे हे कंडक्टरांना स्वतःच्या नाकासारखं ठाऊक होतं, म्हणून हात कुठे असणार हेही कळलं. हातातली काठी त्यांनी टेबलाला घासत आडवी मारली. काठी तिच्या मनगटावर अशी बसली की हात बाजूला भिरकावला गेला. आणि काठीचं टोक झाकणाखाली जाऊन पात्याला लागलं.

कर्रर्र.

दातांनी काहीतरी चावल्याचा आवाज. आणि मग काहीच नाही.

ती भिंतीला टेकली होती. जीभ टाळूला चिकटली होती. काठीचा चावलेला तुकडा तिच्या पायाशी पडला होता. ती हाताकडे बघत होती, हात पूर्ण होता, सगळी बोटं होती. हे तिला दिसत होतं. पण हे तिला दिसत होतं, त्यांना नाही.

"बोल!" कंडक्टर ओरडले. "सूनबाई, बोल! काठी की बोट? बोल ना गं पोरी!"

तिला बोलायचं होतं. शब्दच फुटेना.

आणि त्या क्षणी त्यांनी जे केलं, ते ती मरेपर्यंत विसरणार नाही. चेहरा पांढराफटक पडला होता, म्हाताऱ्याच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. तरीही ते तिच्याकडे धावले नाहीत. आधी भिंतीकडे वळले, प्लग उपटला, खिशात घातला. मग उभे राहिले. पात्याची सळसळ बारीक होत होत संपेपर्यंत उभे राहिले. आपल्या सुनेची बोटं उरलीत की नाही हे माहीत नसताना उभे राहिले. धावले असते, अडखळले असते, तर आणखी एक हात त्या पात्यावर पडला असता. ते एवढं ऐकत होते, एवढं सोसत होते, आणि जागचे हलत नव्हते.

"थांबलं," असं त्यांनी म्हटलं, की आवंढाच गिळला, कोण जाणे. मग हात पुढे करत आले, तिचा खांदा सापडला, खांद्यावरून दंड, दंडावरून मनगट. हात ओला होता. ते कळवळले. ओली बोटं नाकाशी नेली. घाम होता. मग त्यांनी तिचं एकेक बोट धरलं, मुळापासून नखापर्यंत चाचपलं. अंगठा. तर्जनी. मधलं. पुन्हा सुरुवातीपासून. दुसरा हातही. तिच्या हाताला इतक्या काळजीने तिच्या आईनेसुद्धा कधी हात लावला नसेल. शेवटच्या करंगळीचं नख सापडलं तेव्हा ते मटकन जमिनीवर बसले आणि तोंडावर हात घेऊन रडले. मोठ्याने, लाज न बाळगता. तिलाही आता आवाज फुटला, आणि दोघं त्या स्वच्छ झाडलेल्या जमिनीवर बसून पोटभर रडली.

बऱ्याच वेळाने कंडक्टर म्हणाले, "मशीन उद्या जाईल. भंगारवाल्याला सांगतो."

"बाबा, चूक माझी होती. पायपुसणं मी सोडलं."

"तेच म्हणतोय मी. माझे सगळे नियम माझ्यापुरते. पातं कुठे आहे ते मला कळतं, गं. तू कुठे आहेस ते कळत नाही. बोटं माझी असती तर मी भोगलं असतं. तुझ्या बोटांवर जुगार नाही खेळायचा मला."

"शब्द कोणी दिला होता?" ती म्हणाली. नाक पुसलं. "मी बघून म्हणेन ते, असं ठरलं होतं ना? मी बघितलं. मशीन राहील."

"हट्ट करू नकोस."

"हट्ट नाही. ऐका. आमच्या एक्स-रेच्या खोलीत बटण दाबताना पेशंटशिवाय आत कोणी नसतं. मीसुद्धा नसते. मी काचेपलीकडे उभी असते, बघते, पण हात घालू शकत नाही. म्हणूनच तर सगळं नीट चालतं. तुमच्या या भिंतीला स्वयंपाकघराच्या बाजूने खिडकी आहे. तिला काच बसवू. दाराला आतून कडी. मी पलीकडे उभी राहीन. काही झालं तर मेन स्विच माझ्या बाजूला. मदत करायची कितीही इच्छा झाली तरी मला आत येताच येणार नाही."

कंडक्टर होकाराने डोकं हलवत राहिले. दोन पिढ्यांची अक्कल एकत्र आली की कधी कधी असं काहीतरी सुचतं, नाहीतर घरोघरी वादच चालायचे.

तिला मात्र वेगळीच धास्ती होती. माणूस एकदा घाबरून बाजूला झाला की पुन्हा उभा राहत नाही, हे तिने दवाखान्यात पाहिलं होतं. ती म्हणाली, "मग आत्ताच कापा. उरलेली पायरी. मी बाहेर जाते, कडी लावा, आणि कापा. आज नाही कापलीत तर कधीच कापणार नाही तुम्ही."

त्यांनी दोन्ही हात तिच्यासमोर धरले. हात पानासारखे थरथरत होते.

"हे बघ. तुला दिसतंय, मला जाणवतंय. असे हात मी टेबलाजवळ नेत नाही. तू सांगितलंस तरी नाही, लाज वाटली तरी नाही, कायमची भीती बसेल म्हणालीस तरी नाही. आज बंद."

असं म्हणून ते उठले, झाडू शोधला, आणि भुसा झाडायला लागले.

ती स्वयंपाकघरात आली. फोन आधीच दोनदा वाजून गेला होता. तिने नवऱ्याला लावला आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, झाकणाखाली बोटं घातली तेसुद्धा. पलीकडे नुसता समुद्राचा वारा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "म्हणजे नाही. बरोबर? मशीन विकायचं."

"नाही विकायचं," ती म्हणाली. "आज मी त्यांना कापा म्हणाले. हातापाया पडून म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. अरे, जो माणूस आज नाही म्हणतो, त्याला मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

त्याने मग अगदी हळू, घाबरत विचारलं, "आणि तुझा हात?"

तिने हात खिडकीच्या उजेडात धरला. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. बोटं हलवली. सगळी हलली. कळ थेट कोपरापर्यंत गेली.

"दुखतोय," ती म्हणाली, आणि तिला पुन्हा रडू आलं. "दुखतोय रे. आहे म्हणून दुखतोय."